बंद खोलीतली हिवाळी सांज

जुनं म्हणा, थंड म्हणा, रडकं म्हणा, माझी काही हरकत नाही. मी एक चित्र आहे मित्रांनो, आणि माझ्यात कायम हिवाळ्यातली संध्याकाळ असते. बाहेर तुमची भर उन्हाळ्यातली दुपार चालू असली तरी माझ्यात सूर्य नुकताच डोंगराआड गेलेला असतो. खाली केशरी पट्टा, त्याच्यावर हिरवट उजेड, आणि त्याच्याही वर निळा अंधार. एक बोडकं एल्मचं झाड आहे, गोठलेलं तळं आहे, दगडांचं कुंपण आहे आणि कुंपणाच्या कडेनं घराकडे जाणारा रस्ता आहे. रस्त्यावर आज कोणी नाही. पूर्वी एक जण होता. त्याचीच ही गोष्ट आहे आणि ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म अमेरिकेत, व्हरमाँटच्या डोंगरातल्या ईस्ट हॅलम गावी, ओबेड टटल यांच्या घरात झाला. उत्तर आणि दक्षिणेचं मोठं युद्ध तेव्हा व्हायचं होतं. मला काढणाऱ्याचं नाव एमरी लूमिस. हा माणूस हिवाळाभर घरोघर फिरून लोकांची तोंडं रंगवायचा आणि त्या बदल्यात जेवायचा. मनातून त्याला आभाळं काढायची असत. पण आभाळ कोणाला हवं असतं? ते खिडकीतून फुकट दिसतं. स्वतःचं तोंड मात्र भिंतीवर टांगलेलं लागतं!

ओबेड टटल त्याला दारातच म्हणाले, "तोंडं नकोत. तोंडं रंगवून घेणं म्हणजे गर्व, आणि गर्व म्हणजे पाप. जागा देतो, जेवण देतो. काढायचंच असेल तर माझं शेत काढ."

एमरीला तर आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं. तो रोज सूर्य कलला की तळ्याच्या काठी जाऊन उभा राही. बोटं काकडून पेन्सिल गळून पडे. मग वरच्या खोलीत, धुराड्याच्या उबेला बसून, तो मला रंगवी. ताणून बसवलेलं कापड, त्यावर सरस, त्यावर पांढऱ्या रंगाचा एक हात, आणि मग जवसाच्या तेलात घोटलेले रंग. हे जवसाचं तेल मोठं मानी असतं बरं का. उजेडात ठेवा, स्वच्छ राहतं. अंधारात कोंडा, पिवळं पडतं. आणि पुन्हा उजेड द्या, राग सोडून देतं. एमरीला हे ठाऊक होतं. त्यानं कोणाला सांगितलं नाही, कारण त्याला कोणी विचारलं नाही.

मी वाळत असताना त्या घराची कथा मला ऐकायला मिळाली. ओबेड यांची बिनलग्नाची बहीण पर्सिस त्याच घरात राही. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. एमरीच्या खोलीत सरपण ठेवायला येई आणि बसून राही.

"तुम्हाला सांगते लूमिस, या घरात एका माणसाचं नाव घ्यायचं नाही. चुकूनसुद्धा नाही. माझा भाचा, ॲसा. पोरगं गुणाचं होतं हो. पण बापासारखंच ताठ."

झालं होतं ते असं. त्या डोंगरातली जुनी माणसं शब्बाथ, म्हणजे रविवारचा देवाचा विसाव्याचा दिवस, शनिवारी संध्याकाळीच धरत. सूर्य बुडाला की काम बंद. रविवारच्या जेवणाचा घेवडासुद्धा दिवसाउजेडीच शिजायला चुलीत ढकलून ठेवायचा. ओबेड तर चर्चचे पंच. आणि त्यांचाच मुलगा एका शनिवारी सूर्य बुडाल्यावर लाकडांची गाडी घेऊन घरी आला.

"कुठं होतास?" बापानं विचारलं.

"तळ्यापाशी, बाबा. गाडी बर्फात रुतली होती. बैल काय तिथंच सोडून येऊ?"

"शब्बाथ लागला होता."

"अहो, उजेड होता की! बैलांचे कान दिसत होते मला."

"उजेडाचं कौतुक मला सांगू नकोस. सूर्य बुडाला म्हणजे बुडाला."

गोष्ट एवढीच. दुसऱ्या कोणी बापानं चार शिव्या दिल्या असत्या आणि ताटावर बसवलं असतं. ओबेड यांनी पोटच्या पोराचं नाव भर चर्चमध्ये घेतलं. तिथला रिवाजच तसा होता, शब्बाथ मोडणाऱ्यानं सगळ्यांपुढे उभं राहून माफी मागायची. लोकांना वाटलं, पंच आपल्या मुलाला सोडतील. म्हणून तर त्यांनी सोडलं नाही.

ॲसा उभा राहिला. म्हणाला, "सूर्य बुडाला होता हे खरं आहे. उजेड होता हेही खरं आहे." एवढं बोलून तो बाकाबाहेर आला, दारातून बाहेर पडला आणि पश्चिमेकडे निघून गेला. घरी येऊन कपडेसुद्धा घेतले नाहीत.

त्या दिवसापासून ओबेड यांनी फर्मान काढलं, ते नाव या छपराखाली नको. आणि त्याच दिवसापासून त्यांची बायको केझाया त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागली. मीठ द्या. गाय व्याली. पाद्रीसाहेब येणार आहेत. बाकी अबोला. मनात मात्र एकच वाक्य, ते ती पर्सिसला ऐकवी, "वन्सं, तुमच्या भावानं माझं पोर घालवलं."

आता या बाईकडे नीट लक्ष द्या मित्रांनो. माझं सगळं भलंबुरं हिनंच केलं.

माझ्यावर वॉर्निशचा हात फिरवून झाला होता. एमरी दुसऱ्या गावी निघायच्या तयारीत होता. ओबेड आणि पर्सिस गिरणीवर गेले होते. तेवढ्यात केझाया हात पुसत वर आली. माझ्यासमोर खूप वेळ उभी राहिली. मग कुंपणाच्या एका दगडाकडे बोट करून म्हणाली, "इथं एक माणूस काढाल का?"

"झालं की हो चित्र, बाई! वॉर्निशसुद्धा झालं. आता वरून रंग देत नसतात."

"अगदी छोटा. नखाएवढा. घराकडे येतोय असा."

एमरीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पेटी पुन्हा उघडली. सरपण आणून देणाऱ्या पर्सिसच्या कृपेनं त्याला सगळं माहीत होतंच.

"कसा होता?" त्यानं हळूच विचारलं.

"उजवा खांदा जरासा उतरलेला. टोपी मागं सारलेली, कितीही सांगा, मागंच. तपकिरी कोट. गळ्यात लाल मफलर, मीच विणलेला. आणि शीळ घालत येतो."

"एवढ्याशा माणसाची शीळ कशी दिसणार बाई?"

"मला दिसेल. तुम्ही काढा."

त्यानं काढला. बारीक कुंचल्यानं, श्वास रोखून. खरं सांगतो, तोवर मी एक बरं चित्र होतो. तो कुंपणापाशी आला आणि मी घर झालो. केझायानं पदरासारखा आपला एप्रन तोंडात धरला आणि ती हुंदका गिळून रडली. इतक्यात बाहेर घोड्यांच्या घुंगरांचा आवाज आला. ओबेड परतले होते. एमरी घाईघाईनं पेटी बांधत म्हणाला, "सुकेपर्यंत हात लावू नका." बस, एवढंच. हा माणूस चित्राच्या अंगात नाही, वॉर्निशवर नुसता बसलाय, हे सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. लोकांना भलं करायचं असतं, पण अर्धवट करतात आणि निघून जातात. केझायानं ऐकलं ते असं की सुकल्यावर काही भीती नाही.

मला खालच्या बैठकीच्या खोलीत, शेकोटीच्या वर टांगलं. तुम्ही म्हणाल, वा, मानाची जागा! हो तर. त्या भागात बैठकीची खोली म्हणजे घरातली सगळ्यांत चांगली खोली, आणि चांगली म्हणूनच ती कायम बंद. लग्न, मयत आणि पाद्रीसाहेब, एवढ्यांसाठीच ती उघडायची. एरवी खिडक्यांच्या झडपा घट्ट लावलेल्या. उन्हानं गालिचा विटतो ना! मढवलेल्या खुर्च्या विटतात! चांगल्या वस्तू वापरायच्या नाहीत, बघायच्या नाहीत, अंधारात जपून ठेवायच्या. ही त्यांची जपण्याची रीत. त्या खोलीतली शेकोटीसुद्धा कधी पेटत नसे, तिच्या थंडगार दगडांवर मी लटकत होतो.

केझायाला झडपा लावायला आणखी एक कारण होतं. माझ्यातला माणूस नवऱ्याला दिसू नये. त्यानं विचारलंच तर "कोणीतरी गडी असेल" असं उत्तर तिनं तयार ठेवलं होतं. पण कोणी विचारलंच नाही. खोलीत येणाऱ्या पाहुण्यांना माझी मेपलच्या लाकडाची चौकटच आवडायची. पर्सिस ती तेल लावून घासायची आणि सगळ्यांना दाखवायची. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय.

धूळ झटकायच्या निमित्तानं केझाया एकटी आत येई. एक झडप हातभर उघडी. कुंपणापाशी डोळे नेई. "जेवलास का रे? थंडी आहे तिकडे? मफलर काढू नकोस हं." मग पावलं वाजली की झडप बंद.

आणि आता कडू गोष्ट ऐका. ओबेडही येत.

त्या खोलीत एक उंच घड्याळ होतं. त्याला किल्ली द्यायला ते शनिवारी, शब्बाथ लागायच्या आधी येत. पहिल्याच वर्षी त्यांनी झडप जराशी ढकलली आणि माझ्याकडे पाहिलं. आपलं शेत पाहिलं, तळं पाहिलं, आणि मग त्यांची नजर कुंपणापाशी अडकली. उतरलेला खांदा. मागं सारलेली टोपी. ते इतका वेळ उभे राहिले की घड्याळाला किल्ली द्यायचंच विसरले आणि ते बंद पडलं. पुढच्या शनिवारी पुन्हा आले. हातात टोपी घेऊन, जणू देवळात उभे आहेत. एकदा माझ्या केशरी पट्ट्यावर त्यांनी बोट ठेवलं. "होता," ते म्हणाले. "उजेड होता, पोरा."

हे वाक्य त्यांनी जिला सांगायचं ती भिंतीपलीकडे भाकरीचं पीठ मळत होती. मध्ये एक दार होतं! पण नाही. तिला वाटे, याला कळलं तर चित्र चुलीत घालेल. यांना वाटे, आपल्याला कळलंय हे तिला कळलं तर आपली ताठ मान कुठं राहील? म्हणून दोघंही चोरासारखे येत, हातभर उजेड घेत आणि जाताना झडप लावून घेत. दोघांचं एकच पोर, एकच चित्र, आणि एकमेकांपासून लपवाछपवी. रागानं मला तडे कसे गेले नाहीत याचं आश्चर्य वाटतं.

वर्षं गेली. जवसाच्या तेलानं आपला स्वभाव दाखवला. माझं आभाळ आधी लोण्यासारखं झालं, मग चहासारखं. वॉर्निशही काळवंडलं. पण हातभर उजेडात, रोजच्या डोळ्यांना, असा हळूहळू झालेला बदल कळत नाही. केझाया माझ्यापेक्षा आठवणीतच जास्त बघत होती. ओबेड यांची नजरही अधू झाली होती. खिडकी माझ्यापासून चार पावलांवर, आणि बाहेर बर्फावर ऊन नुसतं सांडलेलं. सबंध झडपा उघडून कोणी मला आठवडे दोन आठवडे तसंच ठेवलं असतं तर मी आपोआप निवळलो असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं.

मग एका हिवाळ्यात कॅल्विन नाय नावाचा शेजारचा माणूस पश्चिमेकडून परत आला. सोनं शोधायला गेला होता, दात घालवून आला. तो स्वयंपाकघरात बसला. मधलं दार त्या दिवशी उघडं राहिलं होतं म्हणून मला ऐकू आलं.

"काकू, काका, कसं सांगू. तुमचा ॲसा गेला. ताप आला होता. नदीकाठी आम्हीच पुरला त्याला. शेवटपर्यंत गमत्या होता हो. तापातसुद्धा म्हणत होता, बैल बांधा रे कोणीतरी."

 खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ओबेड गोठ्याकडे निघून गेले. केझाया म्हणाली, "कॉफी घे, कॅल्विन, गार होईल."

प्रेत नव्हतं, तरी प्रार्थना व्हायला हवी होती. पाद्रीसाहेब दुसऱ्या दिवशी दुपारी येणार, गावही येणार, आणि अर्थातच बैठकीची खोली उघडणार. सकाळीच केझाया आत आली. तिच्या चेहऱ्यावर मी असा निश्चय कधी पाहिला नव्हता. मागोमाग पर्सिस होती.

"वन्सं, आज मी लपवणार नाही. आज सगळ्यांना दाखवणार. हा माझा ॲसा, म्हणून. आणि त्यांनाही दाखवणार. बघू देत, कोणाला घालवलंय ते!"

"कोणाला दाखवणार वहिनी? काय बोलताय?"

"थांबा, उघडते."

आणि तिनं झडपा उघडल्या. सगळ्या. कितीतरी वर्षांनी माझ्यावर पूर्ण ऊन पडलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पण केझाया माझ्याकडे बघतच राहिली. पुढं आली. नाक जवळजवळ माझ्यावर टेकवलं. ऊन पडल्यावर तिला पहिल्यांदा दिसलं की मी तपकिरी झालोय. आभाळ तपकिरी, बर्फ तपकिरी, आणि त्या तपकिरीत तपकिरी कोटातला तिचा मुलगा जेमतेम एक डाग.

"अगं बाई! हे काय झालं? वन्सं, तो दिसतच नाही!"

पर्सिसला मुलगा कोणता आणि कुठला काही कळेना, पण मळ म्हटला की तिला स्फुरण चढे. "काजळी आहे वहिनी, दुसरं काय! धुराड्याची. ही काजळी कशानं जाते ठाऊक आहे ना? राखेच्या पाण्यानं. आणि आपला मऊ साबण. मी माझ्या आईच्या वेळेपासून बघते, राखेच्या पाण्यापुढं काही टिकत नाही."

अगदी बरोबर बोलली बिचारी. राखेच्या पाण्यापुढं काही टिकत नाही.

ते पाणी तिथं प्रत्येक घरात असे. चुलीची राख पिंपात भरायची, वरून पाणी ओतायचं आणि खालून निथळून येईल ते साठवायचं. त्यानं लाकडी जमिनी पांढऱ्याशुभ्र निघत. केझायानं वाडगाभर आणलं. मला खाली उतरवून खुर्चीवर टेकवलं. पाहुणे यायची वेळ जवळ येत चाललेली. 

तिनं वरून सुरुवात केली. आणि मित्रांनो, आभाळ निघालं! वॉर्निशची घाण फडक्यावर आली आणि खालून माझा जुना निळा रंग वर आला. मग हिरवट. मग केशरी. केझाया हसली. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू. "वन्सं, बघा, बघा कसं होतं! अस्संच होतं हो!" पर्सिस म्हणाली, "मी सांगितलं नव्हतं?"

मी मात्र आतून ओरडत होतो. थांब बाई! खाली येऊ नकोस! तो माझ्या अंगात नाही! पण चित्राचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

ती फडकं भिजवून कुंपणाकडे आली. तिथं तिनं हात हलका केला, बाळाचं तोंड पुसावं तसा. एकच हात फिरवला. दगड स्वच्छ झाला, बर्फ पांढरंशुभ्र झालं. आणि तिथं कोणी नव्हतं.

तिला आधी कळलंच नाही. तिनं बोटानं शोधलं. जरा डावीकडे, जरा उजवीकडे. मग फडकं उलटं करून पाहिलं. त्यावर एक तपकिरी ओघळ होता आणि त्यात लाल रंगाचा एक ठिपका.

"काय झालं वहिनी?" पर्सिसनं विचारलं.

"काही नाही," केझाया म्हणाली. "टांगा वर."

मी अर्धवट धुतलेला, तसाच पुन्हा भिंतीवर गेलो. आभाळ नवंकोरं आणि खालचं शेत मळकट. लोक आले. पाद्रीसाहेब आले. स्त्रियांनी घरी भाजलेले गोड पदार्थ आणले, घेवडा आणला, जसं तिथं मयताला आणतात. केझाया माझ्यासमोरच्या खुर्चीत, फडकं मुठीत घट्ट धरून बसली. दाखवायचं म्हणत होती ते तिनं कोणाला दाखवलं नाही.

सगळ्यांत शेवटी ओबेड आले. गोठ्यातून थेट, बुटांना शेण तसंच. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. गावाकडे नाही, पाद्रीसाहेबांकडे नाही. सरळ माझ्यापाशी आले. उघड्या झडपांमधून ऊन येत होतं आणि त्यांनी चोरून नाही, सगळ्यांदेखत, मान वर केली. त्यांची नजर सवयीनं कुंपणापाशी गेली. तिथं थांबली. मग त्यांनी हात वर करून त्या दगडावर बोट ठेवलं.

"तो कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

खोलीत कोणाला काही समजलं नाही. फक्त केझायाचं तोंड पांढरं पडलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"इथं होता. टोपी मागं सारून. केझाया, इथं होता तो. मी दर शनिवारी बघत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठं बोललीस?"

तिनं मूठ उघडली. ओबेड यांनी त्या फडक्याकडे पाहिलं, त्यावरच्या लाल ठिपक्याकडे पाहिलं. ते रागावतील असं मला वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी तिच्या हातातून फडकं घेतलं, घडी केली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि ते तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले. एवढ्या वर्षांत त्या खोलीत ते दोघं शेजारी बसलेले मी पहिल्यांदा पाहिले. पाद्रीसाहेबांनी विचारलं, "प्रार्थना सुरू करू ना, पंच?" ओबेड म्हणाले, "त्याचं नाव ॲसा. नाव घेऊन करा." आणि केझाया तेव्हा जी किंचाळली, ती किंचाळी अजून माझ्या कापडात आहे. नवरा तिला दुष्ट वाटत होता तोवर तिला एक आधार होता. आता तोही गेला, आणि पोर पुसणारा हात स्वतःचा निघाला.

झडपा पुन्हा कोणी लावल्या नाहीत. गालिचा विटला, खुर्च्या विटल्या. आणि मी? वसंत यायच्या आत मी निवळलो. राखेचं पाणी न लावलेली बाजूसुद्धा नुसत्या उजेडानं पुष्कळ उजळली. पिवळेपणा गेला, बर्फ पांढरं झालं. केझाया रोज संध्याकाळी समोर बसून ते बघायची. चित्र आपोआप स्वच्छ होतंय हे तिला दिसत होतं. धुवायची गरजच नव्हती हे तिला कळलं, आणि कळल्याचं तिनं कोणाला सांगितलं नाही. रस्ता रोज अधिकाधिक स्पष्ट दिसू लागला, आणि अधिकाधिक रिकामा. यापेक्षा मी पिवळाच राहिलो असतो तर तिच्यावर उपकार झाले असते.

ती दोघं गेली. ओबेड यांना त्यांच्या त्याच कोटात पुरलं. पर्सिस म्हातारी झाली तेव्हा घराचा लिलाव झाला आणि मी हातोहात फिरत एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयात येऊन पडलो. आता माझी चैन आहे. उजेड मोजून, हवा मोजून, हात लावायचा नाही. आणि स्तुती तर विचारू नका! परवाच एक शिकलेल्या बाई शाळेची मुलं घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "बघा मुलांनो, चित्रकारानं रस्ता मुद्दाम रिकामा ठेवलाय. माणसाचा मागमूसही नाही. केवढा हा एकांत! किती शांत!"

शांत! यांना ते फडकं, ती किंचाळी म्हणजे शांतता वाटते. मुलांनीही माना डोलावल्या आणि वहीत तेच लिहून घेतलं.

मित्रांनो, मला जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही. जपणारे मी पुष्कळ पाहिले. मी एवढंच सांगतो, ज्याच्यावर जीव आहे त्याला झडपा लावून ठेवू नका, मग ते चित्र असो की माणूस. आणि तुमच्या घरात कोणाचं नाव घ्यायचं बंद झालं असेल, रुसवा असेल, कोर्टकचेरी असेल, काय असेल ते असो, तर आज जेवायला बसल्यावर ते नाव घ्या. हळू नाही, चांगलं मोठ्यानं घ्या. भांडण होईल. होऊ दे.